काळीज कुणी नेलं

दाजी,

भेटायला येणारी माणसं तुमच्याबद्दल जे बोलतात, त्यातलं निम्मं चुकीचं असतं. परवा एक जण म्हणाले, सरांनी विलायतेत जाऊन संशोधन केलं. तुम्ही हैदराबादच्या पलीकडं कधी गेला नाहीत. दुसरे म्हणाले, सर तापट होते. तुम्ही तापट नव्हता, तुमचा आवाज मोठा होता. हा फरक कळायला तुमच्याजवळ बसावं लागायचं. मी सवयीनं दुरुस्ती करायला तोंड उघडतो आणि अक्का माझ्याकडं बघते. मग मी गप्प बसतो. मयताच्या घरी आलेल्या माणसाची चूक काढायची नसते, एवढं मलाही कळतं. पण तुमच्यापुढं चालायचं. उलट मी चूक काढली नाही, तर तुम्ही कप खाली ठेवून विचारायचे, "काय मेहुणे, आज तब्येत बरी नाही का?"

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण आणि तुमची बायको, हे तुम्हाला सांगायला नको. पण हे आणखीही कुणी वाचेल, म्हणून लिहून ठेवतो. मी मोजणी खात्यात भूमापक, तुम्ही कॉलेजात इतिहासाचे प्राध्यापक. माझी अंबाजोगाईला बदली झाली, मी तुमच्या मागच्या गल्लीत घर घेतलं, आणि तेव्हापासून संध्याकाळचा चहा तुमच्या ओसरीवर. त्या चहाला आपण तिघं असायचो. खरं तर चौघं.

चौथा तो इंग्रज सरदार. सातशे वर्षांपूर्वी मेलेला. तुम्ही शिकत होतात तेव्हा हैदराबादच्या जुन्या बाजारात तुम्हाला एक जाड इंग्रजी पुस्तक मिळालं. पुठ्ठा अर्धा गेलेला, आत त्या एका घराण्याची हकिगत: कुणाचं लग्न कुणाशी, कोणती जमीन कुणाकडं गेली, कोण कुठं पुरला गेला. एवढ्या मोठ्या जगात तुम्ही तोच एक माणूस का निवडला, असं मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "मी कुठं निवडला? तो मला सापडला." या उत्तराचा मला तेव्हा उपयोग झाला नाही.

त्याचं नाव तुम्ही छान उच्चारायचे. मला ते कधी जमलं नाही आणि अक्कानं जमवायचा प्रयत्नच केला नाही. तुम्ही जातीचे वतनदार देशमुख, रंगानं चांगले सावळे. ती एकदा म्हणाली, "एक काळा देशमुख संभाळते तेवढं बास झालं की. हा गोरा आणखी कुठून आणला घरात?" त्या दिवसापासून तो गोरा देशमुख झाला. पुढं वर्गातही तुम्ही तसंच म्हणायला लागलात. जीपवाले रफिकभाई तुमचे जुने विद्यार्थी. त्यांना परीक्षेत काय आलं होतं ते आठवत नाही, पण गोरा देशमुख आठवतो.

तुम्ही त्याची गोष्ट सांगायचे ती आपल्याकडची करून. त्याचा किल्ला म्हणजे गढी. त्याचा हिशेब बघणारा तो कारभारी. राजापुढं गुडघे टेकून, दोन्ही हात जोडून राजाच्या हातात द्यायचे, तो मुजरा. तो सात वर्षांचा असताना बाप लढाईत गेला. मग पोरगं आणि जमीन दोन्ही राजाच्या ताब्यात, आणि राजा ते पालकत्व दुसऱ्या सरदाराला विकून मोकळा.

"पोरगं इकायचे?" अक्का आतून ओरडली होती.

"पोरगं नव्हे गं. पोराचा सांभाळ."

"सांभाळ इकायचा म्हंजे पोरगंच की ते! काय माणसं म्हणावं का काय!"

"सांभाळणारा माणूस चांगला निघाला पण," तुम्ही म्हणालात. "त्यानं पोराची जमीन लाटली नाही. कसून, राखून, पोरगं वयात आल्यावर त्याच्या हवाली केली. आणि आपली मुलगी दिली त्याला. दोघं एकाच घरात वाढलेली."

त्या वेळी माझं लक्ष आकड्यांकडं होतं. लग्नाच्या वेळी मुलगी तेरा वर्षांची असं पुस्तकात एका ठिकाणी, आणि दुसऱ्या ठिकाणच्या हिशेबानं ती अकराची निघत होती. मी ते तुम्हाला दाखवलं. तुमच्याकडं मी बघितलं नाही. तुमचे वडीलही तुम्ही लहान असताना गेले, मामांनी तुम्हाला वाढवलं, वडवणीजवळची तुमची जमीन कसून तुमच्या हवाली केली, आणि आपली मुलगी वत्सला तुम्हाला दिली, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. वत्सलाबाई पहिल्याच बाळंतपणात गेल्या. मूलही गेलं. त्यांना तुमच्याच शेतात, ओढ्याच्या कडेला अग्नी दिला आणि तिथं एक छोटा ओटा बांधला. पुढं चार वर्षांनी तुमचं अक्काशी लग्न झालं. हे सगळं मला येत होतं, पण गोऱ्या देशमुखाशेजारी ठेवून मी ते कधी बघितलं नव्हतं.

त्याच्या जमिनीवरून मात्र आपण एक अख्खा उन्हाळा भांडलो. त्या काळी तिकडं जमिनीचं माप असं, की आठ बैलांचा एक नांगर वर्षभरात जेवढी जमीन नांगरेल तेवढं एक माप. मला ते सहन झालं नाही.

"काळी जमीन का मुरमाड?" मी विचारलं.

"दोन्ही."

"असं कसं? मुरमाडात नांगर पळतो, काळ्यात रुततो. एकच माप दोन शेतांत दोन प्रकारचं निघेल."

"निघायचंच."

"मग बांध कुठं घालायचा? भांडणं नसतील होत?"

"मेहुणे," तुम्ही म्हणालात, "त्या वेळी तिथं तुम्ही नव्हता, म्हणून त्यांचं भागलं."

अक्का इतकी हसली की चहा तिच्या पदरावर सांडला. मला राग आला होता. आता वाटतं, तेवढा राग पुन्हा एकदा यावा.

त्याच्या थोरल्या मुलाच्या जन्मसालात दोन वर्षांचा घोळ होता, तो मी बाहेर काढला तेव्हा तुम्ही मला विचारलं होतं, "तुमचा वाढदिवस कधी?"

"एक जून."

"खरा?"

"आई म्हणायची पोळ्याच्या आसपासचा."

"अन् माझा एक जून, अक्काचा एक जून. सातशे वर्षांनी कुणी आपला इतिहास लिहायला बसला, तर म्हणेल, बीड जिल्ह्यात फक्त जूनमध्ये बाळंतपणं व्हायची."  

अक्काला गोरा देशमुख फारसा आवडला नाही. तिला आवडायची ती त्याची दुसरी बायको. पहिली तरुणपणीच गेली होती, ही नंतर आली. तिला पाच मुलं झाली, त्यांतली तीन जगली. नवरा वर्षानुवर्षं फ्रान्सच्या लढायांत, आणि घर हिच्या डोक्यावर. शेजारचा सरदार गढी बळकावायला आला तेव्हा हिनं दार लावून घेतलं आणि तटावरून दगड टाकायला लावले. नवरा शत्रूच्या हाती सापडला तेव्हा हिनंच त्याला सोडवून आणलं. "ही बाई बरी हाय," अक्का म्हणायची. "हिचं नाव काय म्हणालात?" तुम्ही सांगायचे. ती पुन्हा विसरायची. "जाऊ द्या. बरी हाय."

आणि मग तो मेला, तिकडंच, परमुलखात, तापानं. तो भाग तुम्ही सांगितला त्या संध्याकाळपासून आपला वाद सुरू झाला, आणि तो आता मिटणार नाही.

त्या काळी बड्या माणसांत रीत होती, की देह एका ठिकाणी पुरायचा आणि काळीज काढून दुसऱ्या ठिकाणी. देह घराण्याच्या मठात, वाडवडलांच्या रांगेत, कारण तो घराण्याचा. काळीज मात्र माणसाच्या स्वतःच्या मर्जीवर. गोऱ्या देशमुखानं मरताना सांगितलं, माझं काळीज माझ्या पहिल्या बायकोजवळ ठेवा. ती एका लहान गावातल्या देवळात पुरलेली होती. तिथं ते ठेवलं गेलं, शिशाच्या डबीत. एवढं पुस्तकात आहे.

"ते काळीज दुसऱ्या बायकोनं नेलं," तुम्ही म्हणालात.

"असं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. पण दुसरं कोण नेणार?"

"थोरला मुलगा. दोन वर्षांचा घोळ धरला तरी तो पंधराचा होता."

"तो देहाबरोबर मठात गेला असणार. वारस तो."

"मग एखादा पाद्री. कारभारी. दाजी, जे लिहिलेलं नाही ते आपल्याला माहीत नाही, असं म्हणावं."

"तुम्हाला सगळीकडं हद्दीचे दगड लागतात, मेहुणे! अहो, जिनं गढी राखली, नवरा सोडवून आणला, ती बाई हे काम कारभाऱ्याकडं देईल? तिनंच नेलं. स्वतःच्या हातानं सवतीजवळ नेऊन ठेवलं. केवढं मन असेल!"

आपण दोघंही जोरात बोलत होतो. अक्का दारात येऊन उभी राहिली, हाताला कणीक. ती म्हणाली, "तिनं नेलं, चांगलं झालं. पण न्यायच्या आधी तिला कुणी इचारलं का? ते लिवलंय का तुमच्या पुस्तकात?"

 मोठ्या आवाजाचा माणूस गप्प बसला की ओसरी केवढी मोठी वाटते. ती आत गेली. थोड्या वेळानं तुम्ही पुस्तक मिटलं आणि म्हणालात, "नाही लिहिलेलं." तेही मला नाही, दाराकडं बघून.

त्यानंतर काही आठवड्यांनी आपण मुकुंदराजाच्या समाधीच्या वाटेनं फिरायला गेलो होतो. चढावर तुम्हाला दम लागायला लागला होता, म्हणून मध्ये दगडावर बसलो. तुम्ही खाली दरीकडं बघत म्हणालात, "मी गेल्यावर माझी थोडी राख शेतात ठेवा. ओट्यापाशी."

मला लगेच कळलं, आणि मी कळलं नाही असं दाखवलं. मी अक्काचा भाऊ. ही गोष्ट मलाच का सांगताय, हे माझ्या तोंडावर आलं असावं.

"तुम्ही तिचे भाऊ आहात म्हणूनच," तुम्ही म्हणालात. "तुम्ही तिची बाजू बघाल. मी गेल्यावर तिला विचारा. ती नाही म्हणाली तर सगळी राख गंगेला. पुन्हा विषय नाही."

"तुम्हीच विचारा की. घरात दोघंच असता."

"मी विचारलं तर ती हो म्हणेल. मान वर करायच्या आधी हो म्हणेल. मग तिच्या मनात काय होतं ते मला कधी कळायचं नाही."

"अहो, तुम्ही गेल्यावर विचारलं तर तुम्हाला तसंही कळणार नाही."

तुम्ही हसलात. "हिशेब बरोबर आहे तुमचा," म्हणालात आणि उठलात. त्यावर पुढं बोलायचं होतं. मला वाटलं, बोलू कधीतरी. तुमचं चालणं कमी होत गेलं, ओसरीवरचं बोलणंही कमी होत गेलं, आणि दवाखान्यात तर तुमच्या नाकातोंडाला नळ्या होत्या.

अग्नी रेवतीनं दिला. तुमची एकुलती एक मुलगी, पुण्याहून धावत आली आणि कुणाला न विचारता पुढं झाली. तुमचे चुलतभाऊ आबा गावाहून आले होते. शेत आता तेच कसतात. त्यांना हे पटलं नाही, पण रेवतीच्या तोंडाकडं बघून ते काही बोलले नाहीत.

घरी बायकांनी अक्काचं मंगळसूत्र काढायला घेतलं. रेवती मध्ये पडली, अक्कानं तिला बाजूला केलं, "असू दे गं," म्हणाली. पण मंगळसूत्राच्या खाली काळ्या दोऱ्यात एक लहानसा चांदीचा टाक होता. त्यावर कुणाचा हात गेला, तसा तिनं तो मुठीत धरला. "हे न्हाई. हे माझं न्हाई, हे तिचं हाय."

आपल्याकडं ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिली बायको गेलेली असली, की दुसरीनं पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा. नवं लुगडं आधी त्या टाकाला दाखवायचं, सणाला पहिलं हळदकुंकू त्याला लावायचं, मग स्वतःला. तुमच्या लग्नात तुमच्या आईनं तो अक्काच्या गळ्यात बांधला. तुम्ही शिकलेले, तुम्ही एकदा तो काढून ठेव म्हणालात, हे मला अक्कानंच सांगितलं होतं. तिनं काढला नाही. एकतीस वर्षं तो तिच्या गळ्यात होता, आणि मी इतका नजरेचा पक्का माणूस, पण तो रोज दिसत असल्यामुळं मला दिसायचा बंद झाला होता.

राख सावडली त्याच दिवशी गंगेला जायचं ठरलं. आपल्या भागात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. आबांचं म्हणणं, बायामाणसं नदीवर येत नाहीत. अक्का म्हणाली, "मी येणार हाय." आबा म्हणाले, "वहिनी, रीत न्हाई." ती म्हणाली, "मग रीत घरी बसू द्या," आणि जीपमध्ये जाऊन बसली.

रफिकभाईंची जीप. पुढं आबा, मधल्या सीटवर अक्का आणि रेवती, रेवतीच्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं मडकं, मी मागं. धारूरचा घाट उतरताना रफिकभाई गाडी इतकी सावकाश चालवत होते की आबांनी विचारलं, "कावून रं, पेट्रोल कमी हाय का?"

"सर हैं ना गाडीत," रफिकभाई म्हणाले. "सरांना घाटात चक्कर यायची. मला मागून म्हणायचे, हळू बे, मला पोचायचंय."

रेवती हसली आणि रडली. मी मागं बसून वाक्य जुळवत होतो. वडवणी आली की शेताचा फाटा, तो गेला की पुढं बीड, गेवराई आणि नदी. विचारायचं तर फाट्याच्या आत. माझी बहीण. तीन दिवसांपूर्वी नवरा गेलेला. तिला म्हणायचं, त्यांना थोडं दुसरीजवळ राहायचं होतं. दाजी, तुम्ही मला फार अवघड जागेची मोजणी दिली होती.

वडवणीला बाजाराचा दिवस होता. रस्त्यावर मेथीच्या जुड्या, कोंबड्यांच्या डालग्या, कर्ण्यावर कुणी तरी चादरी विकत होता. आबा आणि रफिकभाई चहाला उतरले, रेवतीही पाय मोकळे करायला उतरली, मडकं अक्काच्या मांडीवर देऊन. मी पुढं जाऊन तिच्याशेजारी बसलो आणि सांगितलं. मुकुंदराजाची वाट, दगड, तुमचे शब्द, सगळं. काही वगळलं नाही.

ती बाजाराकडं बघत म्हणाली,

"म्हंजे तुला सांगितलं. मला न्हाई."

"तुला नाही म्हणता यावं म्हणून."

"मग म्हणू का न्हाई?"

"म्हण. मी रफिकभाईंना सरळ बीडकडं घ्यायला सांगतो. कुणाला काही कळायचं नाही. आबाला नाही, रेवतीला नाही."

"खरंच न्हाई सांगणार?"

"नाही सांगणार."

तिनं मडक्यावरची गाठ चाचपली. सैल झाली नव्हती, तरी पुन्हा आवळली. मग म्हणाली, "मला बघायला आलते तवा आपल्या वडलांपुढं म्हणाले होते, मी वत्सलाला इसरलो न्हाई, इसरणार बी न्हाई; चालत असंल तर हो म्हणा. वडील उठून चालले होते. मी आतून सांगून पाठवलं, हो म्हणा म्हणून. खोटं बोलणारे दोन मला बघून गेलते त्यांच्या आधी." तिनं फडक्याचं टोक आत खोचलं. "अन् एवढं सगळं मोकळं बोलणारा माणूस, हे एक मातुर तुझ्याजवळ."

"अक्का..."

"गप बस. मला राग आलाय. तुझा बी अन् त्यांचा बी. इतकी वर्सं तिला गळ्यात घालून हिंडले मी, लेकराच्या बारशाला तिला पहिलं कुंकू लावलं, अन् तुमाला दोघांला मला इचारायचं भ्या वाटलं. लई शाणे!" तिचे डोळे कोरडे होते. "मला राग आलाय, हे ध्यानात ठेव. राग आलाय म्हणून मी न्हाई म्हणीन असं न्हाई. त्या रफिकला हाक मार. वळायला सांग त्याला, न्हाई तर फाटा मागं पडंल."

फाट्यावर गाडी वळली तेव्हा आबांना कळलं. "वहिनी, राख वाटायची नसते. जीव घोटाळतो."

"त्यांचा जीव घोटाळतच होता," अक्का म्हणाली. "आता एका जागी बसंल."

ज्वारी काढून झाली होती. रानात नुसती धसकटं, ती टोचतात म्हणून रेवतीनं आईचा हात धरला. ओढ्याला पाणी नव्हतं. ओट्याचा एक कोपरा ढासळलेला, पण कुणी तरी शेणानं सारवलेला होता. मी आबांकडं बघितलं. ते म्हणाले, "दर अमावस्येला सारवतो. त्यानं सांगितलं होतं." म्हणजे त्यांनाही काही सांगून ठेवलेलं होतं. माणूस किती जणांत वाटला गेलेला असतो, दाजी. आणि प्रत्येकाला वाटतं, आपल्याकडं आहे तेवढाच तो.

मी ओट्याच्या पायथ्याशी खड्डा केला. फडकं अक्कानं स्वतः सोडलं. ओंजळभर राख घेतली आणि खड्ड्यात ठेवली; टाकली नाही, ठेवली. "ताई," ती म्हणाली, "हे घ्या तुमचे." रेवतीनं माती लोटली. आबांनी ओढ्यातला एक सपाट दगड आणून वर ठेवला आणि मग ते आपल्या परीनं रीत सांभाळायला लागले.

"वहिनी, आता टाक बी काढा. दोघं बी गेली, टाकाचं काम संपलं. हितं ठेवा, न्हाई तर गंगेत सोडू."

अक्काचा हात गळ्याशी गेला. मला वाटलं, काढते आहे. तिनं नुसता दोरा सरळ केला.

"न्हाई. त्यांला हितं ठिवलं. हिला मी घरी नेते."

"अवो, पण आता कशाला?"

"मला एकलीला करमायचं न्हाई. हिला माझी सवय हाय."

 रफिकभाई बांधावर उभे होते, त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. पुढं आम्ही गेवराईवरून नदीला गेलो. पाणी कमी होतं, पात्रात लांबपर्यंत चालावं लागलं. उरलेली राख रेवतीनं सोडली, अक्का काठावर उभी होती. परतीच्या वाटेवर ती झोपली, माझ्या खांद्यावर डोकं टाकून.

आपला वाद तसाच राहिला, हे तुम्हाला सांगायला हवं. अक्कानं नेलं म्हणून त्या इंग्रज बाईनंही नेलं असं सिद्ध होत नाही. पुस्तकात ते लिहिलेलं नाही. माझं म्हणणं मी बदललेलं नाही, आणि तुम्ही असता तर तुम्हालाही मी बदललेलं आवडलं नसतं.

पण त्या दगडावर बसून तुम्हाला जे कळायला हवं होतं, ते मला शेतात कळलं. ती हो म्हणाली, आणि ती रागावली, आणि ती एकटी पडली आहे, आणि तिनं सोबतीला कुणाला निवडलं. मान वर करायच्या आधी दिलेलं हो नव्हतं ते. तुम्हाला हवं होतं तसंच होतं, अगदी पुरतं. ती "हिला माझी सवय हाय" म्हणाली, आणि दाजी, मी चटकन मागं वळून बघितलं, तुम्ही ऐकलंत का ते बघायला.